समजा

१९ जून

सकाळपासून धार लागली आहे. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब आज भरायचा होता, तो पुढे गेला. सुपरवायझरांचा फोन आला, "मॅडम, ताडपत्र्या टाकल्यात. आज भरायला नको." बरोबर होतं त्यांचं. ऑफिसात बसून राहिलेली ड्रॉइंगं काढली.

दुपारी भाची आली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. मी ऑटोकॅडमध्ये कॉलमना नंबर घालत होते. म्हणजे एक शब्द टाइप करायचा, की नंबर ओळीनं पडत जातात. त्यामागची फाइल तिला बघायची होती. उघडून दाखवली. पन्नासेक ओळी, जिकडे तिकडे कंस.

"मावशी, हे लिस्प आहे. हे वाचतं कोण?"

"ऑटोकॅड वाचतं."

"ते कळलं गं. पण कसं वाचतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लिस्प भाषेचं हे रूप, ऑटोलिस्प, १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे आणि मी ते बावीस वर्षं वापरते आहे. पहिली फाइल एका सिनियर ड्राफ्ट्समननी फ्लॉपीवर दिली होती, तिच्यातले आकडे बदलत बदलत मी शिकले. ज्या कंसांनी माझे इतके तास वाचवले, त्यांच्या आत काय घडतं हे मी कधी विचारलंच नाही. भाची गेली तरी प्रश्न गेला नाही. पायथन थोडंफार येतं. पावसात साइट थंड आहे, संध्याकाळी वेळ आहे. एक छोटं लिस्प आपल्या हातानं करून बघायचं. त्यातले शब्द मराठी ठेवायचे, म्हणजे सुपरवायझरांना सळईचा हिशोब त्यात मांडता येईल.

२१ जून

लिस्पमध्ये वाचायला शिकण्यासारखं जवळजवळ काही नाही, हे आज नीट उमगलं. कंस उघडतो, त्यात पहिला शब्द काय करायचं ते सांगतो, पुढचे शब्द कशाचं करायचं ते सांगतात, कंस मिटतो. (+ २ ३) म्हणजे ५. आतल्या कंसाची किंमत आधी निघते, मग बाहेरच्याची. संपलं व्याकरण.

शाळेत कंचेभागुबेव घोकलं होतं: आधी कंस, मग चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इथे त्यातलं फक्त 'कं' लागतं. २ + ३ × ४ असं लिहिलं की आधी काय करायचं हा प्रश्न येतो. (+ २ (* ३ ४)) लिहिलं की येत नाही. लिहिणाऱ्याला दोन कंस जास्त पडतात, पण वाचणाऱ्याच्या डोक्यावर नियमाचं ओझं राहत नाही. साइटवर कागद वाचणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर मला हा सौदा पसंत आहे.

वाचणाऱ्या भागाचं काम दोन टप्प्यांत होतं. मजकुराचे तुकडे पाडायचे, आणि तुकड्यांवरून यादीत यादी रचायची. रचणं वीस ओळींत झालं. कंस उघडला की नवी यादी सुरू, मिटला की ती पूर्ण.

२२ जून

शब्द ठरवायला बसले. नावाला अर्थ देण्यासाठी इंग्रजी लिस्पांत वेगवेगळे शब्द आहेत. मला शोधावा लागला नाही. भूमितीच्या प्रत्येक सिद्धतेची, बीजगणितातल्या प्रत्येक शाब्दिक उदाहरणाची सुरुवात आपण ज्या शब्दानं करत आलो तोच: समजा. (समजा क्ष ५). हे वाचायला कुणाला शिकवावं लागणार नाही.

अटीसाठी 'जर'. आणि ज्याला लिस्पमध्ये लॅम्डा म्हणतात, आलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात ज्या ग्रीक अक्षरावर एक गणितच उभं केलं, त्याला 'कृती'. पाककृतीतली कृती. साहित्य आधी, मग काय करायचं ते. (कृती (क्ष) (* क्ष क्ष)) म्हणजे एक जिन्नस घ्या, त्याला त्यानंच गुणा.

२३ जून

पहिलीच ओळ नीट वाचली जाईना. (समजा क्ष ५) दिलं तर यादीत पहिला शब्द आला: 'समज'. माझ्या शब्दाचा काना गेला होता. 'कृती' टाकून पाहिलं तर तिचे 'क' आणि 'त' असे दोन तुकडे. 'क्ष'चे 'क' आणि 'ष'. 'जर' मात्र धडधाकट. तासभर मी रचनेचा भाग तपासत बसले, चूक तिथे नव्हतीच.

तुकडे पाडताना मी पायथनला सांगितलं होतं की सलग अक्षरं म्हणजे एक शब्द. यासाठी त्याच्याकडे एक तयार खूण आहे, सगळे तीच वापरतात. ती खूण काना, वेलांटी, उकार, हलंत यांना अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये ही चिन्हं स्वतंत्र नोंदली आहेत, आणि त्या खुणेच्या हिशोबात ती अक्षरांतही बसत नाहीत, अंकांतही नाहीत. 'क्ष' आपल्याला एक अक्षर दिसतं; यंत्राकडे ते क, हलंत आणि ष असे तीन. 'जर'ला ना काना ना मात्रा, म्हणून तो वाचला.

उपाय उलटा विचार करून मिळाला. शब्द म्हणजे काय हे सांगायचंच नाही. शब्द कुठे संपतो तेवढं सांगायचं. मोकळी जागा आणि कंस सोडून जे काही सलग असेल तो शब्द. लिस्पला एवढंच पुरतं. आकड्यांच्या बाबतीत पायथननं सुखद धक्का दिला: '१६२' हे देवनागरी अंक त्यानं न सांगता आकडा म्हणून वाचले. उत्तर देवनागरीत छापायला तेवढ्या दोन ओळी लिहाव्या लागल्या.

२६ जून

आज यंत्राचं काळीज लिहिलं. दोन कामं, एकमेकांना हाक मारणारी. एकाला 'मोल' म्हटलं, दुसऱ्याला 'लागू'.

मोलकडे काहीही द्या, ते त्याची किंमत सांगतं. आकडा दिला तर तोच आकडा. नाव दिलं तर नावांच्या वहीत बघून त्याचा अर्थ. यादी दिली तर पहिला शब्द बघतं: 'समजा' असेल तर वहीत नोंद करतं, 'जर' असेल तर आधी अट तपासून एकच फांदी घेतं, 'कृती' असेल तर कृती बांधून ठेवतं. यातलं काही नसेल तर यादीतल्या प्रत्येकाचं मोल काढून ते सगळं लागूच्या हाती देतं. लागू वहीच्या नव्या पानावर कृतीतल्या नावांसमोर आलेल्या किमती मांडतं आणि कृतीचं अंग पुन्हा मोलकडे पाठवतं. मोल लागूकडे, लागू मोलकडे, असं खाली खाली जात शेवटी आकड्याला टेकतं, आणि उत्तरं वर येऊ लागतात.

साठ ओळीसुद्धा झाल्या नाहीत. (((कृती (क्ष) (कृती (य) (+ क्ष य))) २) ३) असं काही अजून दिलं नाही, पण (+ २ (* ३ ४)) ला १४ आले तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले.

हे सगळं पहिल्यांदा कसं झालं ते वाचून ठेवलं होतं. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पवर काम सुरू केलं. १९६० च्या एप्रिलमध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये त्यांचा लेख आला. त्यांनी मोलची व्याख्या लिहिली होती ती एक सैद्धांतिक मुद्दा मांडण्यासाठी: ट्युरिंगच्या यंत्रापेक्षा आपली भाषा नेटकी आहे, तिच्यात तिचंच मोल काढणारं सूत्र लिहिता येतं. ते यंत्रावर चालवायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांच्याकडे काम करणाऱ्या स्टीव्ह रसेल यांनी ते वाचलं आणि म्हणाले, मी हे कोडमध्ये उतरवतो. मॅकार्थींना वाटलं हा सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहे. रसेल यांनी आयबीएम ७०४ च्या यंत्रभाषेत ते हातानं उतरवलं, आणि ते चाललं. कागदावरचं सूत्र चालू यंत्र झालं.

कंसांची गोष्टही त्यातच आहे. हे कंस मॅकार्थींच्या मते फक्त माहिती मांडण्यासाठी होते; माणसांनी लिहायची वेगळी, नेहमीच्या गणितासारखी लिपी पुढे यायची होती. पण रसेल यांचं मोल कंसांतलंच वाचत होतं, लोक कंसांतच लिहू लागले, आणि ती दुसरी लिपी कधी पुरी झालीच नाही.

३० जून

यादीतला पहिला जिन्नस काढणाऱ्या शब्दाला लिस्पमध्ये 'कार' म्हणतात, उरलेल्या यादीला 'कुडर'. ऑटोलिस्पमध्ये मी हे शब्द हजारदा लिहिले आहेत. बिंदूचा क्ष मिळवायला 'कार' लागतंच. त्यांचा अर्थ काय, हे मला कुणी सांगितलं नाही. आयबीएम ७०४ च्या एका घरात ३६ बिट मावत. त्यात १५ बिटांचा एक भाग ॲड्रेस आणि १५ बिटांचा दुसरा डिक्रिमेंट. यादीचा एकेक मणी एका घरात ठेवायचा: ॲड्रेसच्या भागात मणी कुठे आहे ते, डिक्रिमेंटच्या भागात पुढचं घर कुठे आहे ते. 'कार' आणि 'कुडर' ही त्या दोन भागांतल्या मजकुराची आद्याक्षरं आहेत. ७०४ केव्हाच गेलं. त्याच्या खणांची नावं कोल्हापुरातल्या माझ्या फायलींत अजून आहेत.

मी 'पहिला' आणि 'बाकी' ठेवले.

४ जुलै

भाचीनं चांगली शंका काढली. "मावशी, आपण असं बोलतो का? 'बेरीज कर दोन आणि तीन'? आपण म्हणतो 'दोन आणि तीनची बेरीज कर'. क्रियापद शेवटी."

तिचं म्हणणं मला इतकं पटलं की मी रात्री तसं करून पाहिलं. यादीतला पहिला शब्द बघण्याऐवजी शेवटचा बघायचा. बदल फक्त एका ओळीचा. यंत्राला काही फरक पडत नाही, कारण मोलच्या हाती यादी येते तेव्हा ती पूर्ण वाचून झालेली असते. (२ ३ +). (क्ष ५ समजा). वाचायला खरंच मराठी वाटतं.

छोटी वाक्यं छान दिसली. मग कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगेची कृती लिहिली, आठ ओळींची. तिच्यात 'कृती' हा शब्द आठव्या ओळीच्या टोकाला आला. वरच्या सात ओळी वाचताना आपण हिशोब वाचतो आहोत, अट वाचतो आहोत की व्याख्या, हे कळायला मार्ग नाही. 'जर'चं तर आणखी अवघड: अट, एक फांदी, दुसरी फांदी, आणि मग शेवटी कळणार की ही अट होती. बोलताना आपण असं करत नाही. 'जर' आपण आधीच म्हणतो. 'समजा' आधीच म्हणतो. पाककृतीच्या वर पदार्थाचं नाव आधीच असतं. मराठीत क्रियापद शेवटी असतं हे खरं, पण ऐकणाऱ्याला तयार करणारे शब्द मराठीनं वाक्याच्या तोंडाशीच ठेवले आहेत.

पुन्हा पहिला शब्द. भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग (+ २ ३) चं काय?" ते तेवढं परकं राहिलं, हे मला मान्य आहे.

९ जुलै

आज पहिला खरा हिशोब. २३० बाय ४५० चा कॉलम, कव्हर ४०, आठ एमएमची रिंग. आतल्या बाजू १५० आणि ३७०, भोवताल १०४०. दोन हूक, प्रत्येकी व्यासाच्या दहापट: १६० मिळवा. तीन काटकोनी वाकांचे प्रत्येकी दोन व्यास आणि हुकांच्या दोन वाकांचे प्रत्येकी तीन व्यास वजा: ९६. उत्तर ११०४ मिमी. आमच्या साइटवर असाच हिशोब चालतो.

(समजा वजन (कृती (व्यास लांबी) (/ (* व्यास व्यास लांबी) १६२)))

हे १६२ आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. व्यास मिलिमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये, उत्तर किलोत. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो, तिला पाय भागिले चार या वर्तुळाच्या गुणकानं गुणलं आणि मिलिमीटरचे मीटर केले की खाली १६२ उरतात. तीन मीटर उंचीत दीडशे मिमीवर एक, म्हणजे २१ रिंगा, २३.१८४ मीटर, ९.१५९ किलो. वहीतल्या जुन्या हिशोबाशी जुळलं.

सुपरवायझरांना दाखवलं. ते कंसांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, याला सूत कळतं का?" फिटर अजून सुतात बोलतात. अडीच सूत म्हणजे आठ एमएम, तीन सूत म्हणजे दहा, चार सूत म्हणजे बारा.

(समजा अडीच-सूत ८)
(समजा तीन-सूत १०)
(समजा चार-सूत १२)

"आता कळतं," मी म्हटलं. (वजन चार-सूत १२) त्यांनी स्वतः टाइप केलं. १०.६६७ किलो, बारा एमएमचा एक पूर्ण गज.

१३ जुलै

आजची चूक मी विसरणार नाही.

प्रत्येक वेळी व्यास द्यायला नको म्हणून एक कृती लिहिली, जी दुसरी कृती तयार करून देते:

(समजा वजनकार (कृती (व्यास) (कृती (लांबी) (/ (* व्यास व्यास लांबी) १६२))))
(समजा आठचं-वजन (वजनकार ८))

आता (आठचं-वजन २४) म्हणजे आठ एमएमच्या चोवीस मीटरचं वजन. उत्तर ९.४८ यायला हवं. आलं २१.३३.

यंत्र थांबलं नाही, तक्रार केली नाही. शांतपणे दुपटीहून जास्त आकडा देऊन मोकळं झालं. नशीब की आठ एमएमचे आकडे हाताला सवयीचे आहेत, नाहीतर हा आकडा स्टीलच्या ऑर्डरीत गेला असता.

शोधायला रात्रीचे अकरा वाजले. फाइलच्या वरच्या भागात दुसऱ्या कुठल्या हिशोबासाठी मी (समजा व्यास १२) लिहिलं होतं. आठचं-वजन चालवताना यंत्राला 'व्यास' हे नाव लागलं. ते कुठे शोधायचं? माझ्या लागूनं ते तिथे शोधलं जिथून हाक आली होती. तिथे व्यास १२ होता. वजनकारला ८ दिले तेव्हा ज्या पानावर 'व्यास म्हणजे ८' लिहिलं होतं, ते पान वजनकारचं काम संपल्यावर फेकून दिलं गेलं होतं.

१४ जुलै

झोप लागली नाही म्हणून पहाटेच उठून दुरुस्त केलं. कृती जन्मते तेव्हा तिच्याबरोबर ती जिथे जन्मली ते पान बांधून द्यायचं. पुढे ती कुठूनही हाकारली जावो, अनोळखी नाव आलं की आधी स्वतःच्या पानावर बघेल, मग त्या बांधून दिलेल्या पानावर. बदल म्हणाल तर एक शब्द: जिथे 'हाक मारणाऱ्याची वही' लिहिलं होतं तिथे 'जन्माची वही'. उत्तर ९.४८.

इंग्रजीत याला क्लोजर म्हणतात. मी कोडमध्ये 'शिदोरी' लिहिलं. कृती घरातून निघताना घरचे शब्द बांधून घेते आणि परमुलखात तेच खाते.

नंतर कळलं की ही चूक माझ्याआधी लिस्पनंच केली होती. मॅकार्थींच्या पहिल्या मोलमध्ये नाव हाक मारणाऱ्याकडेच शोधलं जाई, आणि कृती दुसऱ्या कृतीच्या हाती दिली की असाच घोटाळा होई. त्यांनी नंतर लिहिलं की ती चूकच होती. डागडुजी लवकर झाली, पण कृतीला तिचं जन्मपान मिळणं हा भाषेचा पाया झाला तो १९७५ मध्ये, एमआयटीतच, जेराल्ड जे ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम केली तेव्हा. ते दोघं कार्ल हेविट यांची 'ॲक्टर' ही कल्पना समजून घेण्यासाठी एक छोटं लिस्प लिहीत होते. ॲक्टर आणि शिदोरीवाली कृती यांच्यासाठी त्यांनी वेगवेगळं कोड लिहिलं, आणि शेवटी पाहतात तर दोन्ही कोड एकच. समजून घेण्यासाठी लहान वस्तू बांधायची, हा त्यांचाही रस्ता होता.

ऑटोलिस्प मात्र जुन्या वळणाचं आहे. त्यात कृतीच्या नावांपुढे एक तिरपी रेघ देऊन आपली खाजगी नावं लिहावी लागतात, विसरलं की ती बाहेर सांडतात. पूर्वीच्या ऑफिसात माझ्याकडून अशी एक तिरपी रेघ राहिली होती. एका फायलीतली 'उंची' दुसऱ्या फायलीत शिरली आणि जिन्याच्या पायऱ्यांची मापं चुकून गेली. छापण्याआधी सापडलं. तेव्हा मला वाटलं होतं की मी निष्काळजीपणा केला. आज त्या रेघेचं मूळ कारण हाती लागलं: नावाला घर नव्हतं.

२२ जुलै

तीन दिवस काही नाही. पंचगंगा वाढते आहे, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. लाइट येते-जाते.

२७ जुलै

साऱ्या इमारतीची सळई एका यादीत घातली, चारशेच्या वर नोंदी. 'एकूण' नावाची कृती: पहिला घे, त्यात बाकीच्यांचं एकूण मिळव. साधारण तीनशेच्या पुढे यंत्र कोसळलं.

पायथन एकात एक अशा हजार हाकांपर्यंतच जातो. माझं मोल लागूला हाक मारतं, लागू मोलला, ते 'जर'च्या फांदीसाठी पुन्हा मोलला. यादीतली एक पायरी उतरायला तीन-चार हाका खर्च होतात.

मर्यादा वाढवता येते, पण तो उपाय मनाला पटेना. कागदावर लिहून पाहिलं. (+ पहिल्याचं-वजन (एकूण (बाकी यादी))) या ओळीत आतला हिशोब आल्यावर बेरीज करायची राहिली आहे. म्हणून प्रत्येक पायरीला मागे कुणीतरी थांबून राहावं लागतं, चारशे जण रांगेत. त्याऐवजी साठा बरोबर घेऊन निघालं तर? (एकूण (बाकी यादी) (+ साठा पहिल्याचं-वजन)). आता पुढे हाक मारल्यावर मागे काहीच करायचं राहत नाही. मग मागच्यानं थांबायचं कशाला? मोलमध्ये बदल केला: शेवटचं काम दुसऱ्या हाकेचं असेल तर स्वतःला हाक मारायची नाही, हातातली यादी आणि वही बदलून तिथेच पुन्हा फिरायचं. एक लाखाची यादी देऊन पाहिली. वेळ लागला, पण उतरली. ही शिस्तही स्कीमनंच पहिल्यापासून पाळली.

३ ऑगस्ट

सुपरवायझर आता फोनवर ओळी लिहून पाठवतात. त्यांनी 'दुसऱ्या-मजल्याची-उंची' समजा केली होती. मी माझ्या लॅपटॉपवर तेच नाव वापरलं तर यंत्र म्हणे, माहीत नाही. दोन्ही नावं पडद्यावर शेजारी ठेवली. हुबेहूब.

'ऱ्या'. हा अर्धा र आपल्या मराठीचा खास. तो दोन प्रकारे लिहिला जातो: एक वेगळा ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. एक की-बोर्ड एक प्रकार देतो, दुसरा दुसरा. युनिकोडची रूपं सारखी करण्याची जी ठरलेली पद्धत आहे ती इथे उपयोगी पडत नाही, कारण तिच्या लेखी ही दोन वेगळी लेखनं आहेत. नाव वहीत जाण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलणारी ओळ मीच घातली. दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या, कोपऱ्यातला कॉलम: आमच्या कामात हा र पावलोपावली आहे.

११ ऑगस्ट

तपासणाऱ्या इंजिनिअरला नुसतं उत्तर चालत नाही, पायऱ्या लागतात. मोजमाप वहीत आकडा कसा आला ते दिसलं पाहिजे. इथे लिस्पनं मला जे दिलं ते दुसऱ्या कशातून इतक्या सहज मिळालं नसतं.

'जसंच्या-तसं' असा एक शब्द आहे. त्याच्यापुढच्या यादीचं मोल काढायचं नाही, ती तशीच हाती द्यायची. (जसंच्या-तसं (/ (* व्यास व्यास लांबी) १६२)) म्हटलं की सूत्र चालत नाही, यादी म्हणून समोर येतं. तिचा पहिला भागिले आहे, बाकीत एक गुणाकाराची यादी आणि १६२. मग ती यादी चालत जाणारी कृती माझ्याच लिस्पमध्ये लिहिली: नाव दिसलं की त्याचा आकडा ठेव, चिन्ह दिसलं की मध्ये छाप. कागदावर आलं:

८ × ८ × २३.१८४ ÷ १६२ = ९.१५९

ज्या सूत्रानं उत्तर काढलं, त्याच सूत्रानं आपली पायरीही सांगितली. वेगळं लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे दोन्हींत फरक पडायची शक्यता नाही. मी इतकी वर्षं एकीकडे हिशोब करून दुसरीकडे पायऱ्या टाइप करत आले, आणि चुका नेहमी त्या मधल्या जागेत झाल्या. हे कागद आज तपासणीला दिले.

१९ ऑगस्ट

उघडीप. स्लॅब काल भरून झाला, आज त्यावर पाणी मारणं चालू आहे.

साइटवर गेले तर सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र बाकी चुकवतंय." त्यांनी (बाकी १२००० ११०४) दिलं होतं. बारा मीटरच्या गजातून रिंगा कापल्यावर किती उरतं ते त्यांना हवं होतं, आणि माझं यंत्र म्हणत होतं की १२००० ही यादी नाही.

मी सांगू लागले की इथे बाकी म्हणजे पहिला सोडून उरलेली यादी. सांगतानाच थांबले. बाकी हा भागाकाराचा शब्द आहे. चौथीतल्या प्रत्येक पाटीवर तो शेवटच्या ओळीत असतो, दुकानदाराच्या वहीत असतो. तो त्यांच्याकडे आधीपासून होता, मी उचलून दुसरीकडे लावला होता. तिथेच सिमेंटच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून माझ्या सगळ्या फायलींतलं 'बाकी' काढलं, यादीसाठी 'पुढचे' घातलं, आणि बाकीला बाकीचा अर्थ दिला.

त्यांनी खाली उभ्या उभ्या स्वतःची ओळ लिहिली:

(समजा उरला-तुकडा (कृती (रिंग) (बाकी १२००० रिंग)))

(उरला-तुकडा ११०४). ९६०.

"दहा रिंगा निघतात, साडेनऊशेचा तुकडा राहतो," ते म्हणाले आणि फिटरला हाक मारली. साडेनऊशेच्या तुकड्यात स्लॅबच्या जाळीखालची खुर्ची बसते का, ते दोघं जमिनीवर खडूनं आखून बघू लागले.